टक

माझ्या धंद्याचं वर्ष जेमतेम तीन महिन्यांचं. मार्चात नागपूरच्या खिडक्यांत कूलर बसतात आणि जूनमध्ये हवा दमट झाली की ते नुसते वारा फेकतात. मग माझाही फोन वाजेनासा होतो.

मी कूलरच्या पंपाचा टायमर बनवतो. पाच मिनिटं पंप चालू, दहा मिनिटं बंद. रात्रभर पंप चालला तर पहाटे पांघरूण ओलसर लागतं, आणि टाकी रिकामी झाली तर पंप जळतो तो वेगळाच. नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतल्या, दुपारी मात्र असली काटकसर चालत नाही. म्हणून पंप कायम सुरू ठेवायचा खटकाही दिलाय.

पहिले टायमर ५५५ या आयसीवर, म्हणजे चिपवर, केले. १९७२ सालची, आठ पायांची, पाचदहा रुपयांची वस्तू. जानेवारीत तपासले तेव्हा पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. मे महिन्यात महाल भागातल्या काकूंचा फोन आला, "भाऊ, तुमचे पाच मिनिटं आठ मिनिटांचे होऊन राहिले." भिंतीवरच्या घड्याळात मोजले होते त्यांनी! खरंच होतं. खिडकीतल्या उन्हात डबी तापायची, ज्याच्या भरण्यावर वेळ मोजली जाते त्या कपॅसिटरमधला विद्युतभार झिरपायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. थंडीत बसून उन्हाळ्याची वस्तू तपासणारा शहाणा मीच. सगळ्या डब्या परत आणून आत छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला, म्हणजे कपॅसिटरच्या भरवशावर न राहता वेळ मोजणारी चिप.

वहीत त्रेसष्ट गिऱ्हाइकं आहेत. नावापुढे पत्ता कमी, कूलरच जास्त : 'लोखंडी, बोअरचं पाणी, गवत लवकर कडक होतं.' बर्डीच्या बाजारातला एक दुकानदार दरवर्षी हजार नग मागतो. हजार कूलर माझ्या लक्षात राहायचे नाहीत, म्हणून मी दरवर्षी चहा पिऊन परत येतो.

गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं टक करून पंप चालू-बंद करणारा रिले काढला आणि ट्रायॅक, म्हणजे आत काही न हलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकला. आवाज नाही, झीज नाही. आठवड्यात चार फोन. काकूंचा पहिला. "डब्बं बिघडलं वाटते. रात्री टक झालं की पंप लागला समजते, मग झोप लागते. आता नुसतं कान देऊन पडलो राहतो आम्ही."

रिले परत बसवला. पण दुसऱ्या बनावटीचा मिळाला, आणि काकूंच्या मते त्याचा टक जरा बारीक आहे.