संध्याकाळची चाळीस मिनिटं, दोन सोलापुरी चादरी आणि एक लोड

आरामाच्या योगासनांना सातला सुरुवात करते. दुपारचं जेवण एकला, चारला चहाबरोबर मूठभर चुरमुरे, म्हणजे पोट हलकं असतं. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्यावेत. भरल्या पोटी आडवं होऊन लोडावर रेललं की आंबट ढेकर येणारच. सूर्यनमस्कार, उष्ट्रासन, चक्रासन मी सकाळसाठी ठेवलंय. रात्री उशिरा जोरकस मागे वाकलं की अंगात तरतरी येते आणि बारापर्यंत डोळा लागत नाही.

सामान घरचंच: कापूस घट्ट भरलेला लांब लोड, दोन सोलापुरी चादरी, डोळ्यांवर टाकायला ओढणी. मऊ उशी लोडाची जागा घेत नाही, वजन पडलं की ती बसते आणि पाठीला आधारच उरत नाही. आरामाच्या आसनांत खरं काम मांडणीत असतं. घडी नीट जमली की नंतर काही करावं लागत नाही.

आधी सुप्त बद्धकोणासन, आठ मिनिटं. लोड पाठीमागे उभा लावायचा, त्याचं टोक कंबरेला टेकलेलं, बैठक जमिनीवर. तळवे एकमेकांना जुळवून मागे पाठ टेकायची. एका चादरीची घडी डोक्याखाली अशी, की हनुवटी कपाळापेक्षा किंचित खाली राहील. हनुवटी वर गेली तर मान आखडते आणि विचारही थांबत नाहीत. दुसरी गुंडाळून मांड्यांखाली, नाहीतर जांघा ताणून धरण्यातच वेळ जातो. कंबरेत चिमटा बसत असेल तर लोड तुमच्या मानाने उंच आहे. बैठकीखाली एक घडी घाला, उंचीतला फरक कमी होतो.

मग विपरीत करणी, म्हणजे पाय वर करून पडणं, दहा मिनिटं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातली विपरीत करणी आधाराशिवायची. तिथे पहिल्या दिवशी क्षणभर आणि मग रोज थोडं वाढवत न्यायला सांगितलंय. भिंत आणि लोड घेऊन करायची ही सोपी पद्धत पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या परंपरेमुळे घरोघरी पोचली. लोड भिंतीला समांतर, मध्ये चार-पाच इंच फट. लोडाच्या टोकावर कडेने, एक कूस भिंतीला लावून बसायचं, मग वळत वळत पाय वर आणि पाठ खाली. कंबर लोडावर, बैठक त्या फटीत किंचित उतरलेली, खांदे जमिनीवर.

इथे बहुतेकांचं एकच चुकतं. मांड्यांच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात, तरी पाय भिंतीला चिकटवायचा हट्ट. मग माकडहाड लोडावरून उचलतं, शरीर डोक्याकडे घसरतं आणि चेहरा लाल होतो. गुडघे वाकवा, तळवे भिंतीला टेकवून बैठक उचला आणि लोड भिंतीपासून दोन-तीन इंच मागे ओढा. पाय थोडे तिरके राहिले तरी चालतात. पावलांना मुंग्या आल्या तर तिथेच मांडी घालून राहायचं, ही चांगली सोय आहे. काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर हे आसन नकोच. पाळीच्या दिवसांत मी ते गाळते आणि पहिलंच आसन लांबवते.

उतरताना थेट कुशीवर लोळू नये, कंबरेला झटका बसतो. आधी गुडघे वाकवून भिंतीला रेटा देत डोक्याच्या दिशेने सरका, बैठक जमिनीवर आली की मगच उजवी कूस.

बसून भ्रामरीची सात आवर्तनं. श्वास साधा घ्यायचा, सोडताना ओठ मिटून गुंजन. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, पण तो ओढूनताणून लांबवला तर पुढचा श्वास धापेसारखा येतो. तसं झालं की दोन साधे श्वास घेऊन पुन्हा सुरू करावं.

शेवटी शवासन, बारा मिनिटं. पडून राहिलं की अंग गार होतं, म्हणून चादर आधीच पांघरायची. मध्ये थंडी वाजून उठलं की सगळं मोडतं. ओढणी डोळ्यांवर सैल टाकायची, बुबुळांवर दाब नको. दोन-तीन मिनिटांतच घोरायला लागलात तर झोपेची थकबाकी आहे असं समजा. रात्री अर्धा तास लवकर पडा.

उठताना उजव्या कुशीवर पाच-सहा श्वास, मग डाव्या हाताने जमीन रेटायची, डोकं सर्वांत शेवटी वर. जेवण अर्ध्या तासाने, मऊ भात आणि मुगाचं वरण.