इटालियन ‘ला’, मराठी ‘ला’

मंगळवार, रात्री

इटालियनमधली कर्माची सर्वनामं पाठ व्हायला वेळ लागत नाही: मी, ती, लो, ला, ची, वी, ली, ले. (त्यात ‘मी’ म्हणजे मला आणि ‘ती’ म्हणजे तुला. मराठी माणसाची थट्टाच.) बोलताना मात्र ती सुचत नाहीत, कारण मराठीत त्यांच्यावाचून अडत नाही. ‘कॉफी घेणार?’ ‘हो, घेते.’ झालं! इटालियनमध्ये नुसतं ‘प्रेन्दो’ अर्धवट वाटतं, ‘लो प्रेन्दो’ म्हणावं लागतं. ‘लो’, कारण तिथे काफ्फे पुल्लिंगी.

खरी गोची आपल्या ‘ला’ प्रत्ययाची. ‘तिला बघते’, ‘तिला फोन करते’, दोन्हीकडे आपलं ‘तिला’च. इटालियनमध्ये ‘ला वेदो’, पण ‘ले तेलेफोनो’. (हा ‘ले’ वरच्या यादीतला अनेकवचनी ‘ले’ नव्हे, एकीसाठीचाच वेगळा.) अशा वेळी सर्वनाम काढून नाव घालून बघावं. ‘वेदो मारिया’ म्हणताना मध्ये काही येत नाही, म्हणून ला. ‘तेलेफोनो आ मारिया’मध्ये ‘आ’ येतो, म्हणून ले. तेव्हा तेलेफोनारे, रिस्पोन्देरे (उत्तर देणे) ही क्रियापदं ‘आ’सकटच पाठ करावीत. याच्या उलट, ‘तिच्याकडे बघते’ला ‘ला ग्वार्दो’ आणि ‘तिची वाट बघते’ला ‘लास्पेत्तो’. मराठीत इथे ‘ला’चा मागमूस नाही, पण इटालियनमध्ये ती सरळ कर्मच.

भूतकाळात मराठी चक्क मदतीला येते. ‘भाजी घेतली, आंबे घेतले’ म्हणताना आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंच. तसंच स्त्रीलिंगी वस्तू असेल तर ‘ल’ओ कोम्प्राता’ (ती मी विकत घेतली; ‘ओ’ हे साहाय्यक क्रियापद), पुल्लिंगी अनेकवचनी असेल तर ‘ली ओ कोम्प्राती’. लो आणि ला या दोघांचा ‘ओ’पुढे नुसता ‘ल’ उरतो, त्यामुळे लिंग कळतं ते शेवटच्या स्वरावरून. ली आणि ले मात्र आखूड होत नाहीत. फसायला होतं ते माणसांच्या बाबतीत: ‘मी तिला पाहिलं’मधलं नपुंसकलिंग डोक्यात असतं आणि तोंडून ‘ल’ओ विस्तो’ जातं. तिथे ‘विस्ता’च हवं.

जागेचा नियम त्यामानाने सोपा. चालवलेल्या, म्हणजे कर्त्याप्रमाणे बदललेल्या, क्रियापदाच्या आधी, मूळ रूपाला मात्र शेवटी चिकटवून. ‘ला वोल्यो वेदेरे’ (मला तिला बघायचंय) चालतं, ‘वोल्यो वेदेर्ला’ही चालतं; मधोमध घातलेलं ‘वोल्यो ला वेदेरे’ चालत नाही. आज्ञार्थात ओळखीच्याला ‘प्रेन्दिलो’ (जोर ‘प्रेन’वरच), आदरार्थी ‘लो प्रेन्दा’. आणि संख्या आली की लो-ली सोडून ‘ने’: दोन घेते म्हणजे ‘ने प्रेन्दो दुए’.

सरावासाठी तक्त्यापेक्षा बोलीतली एक लकब जास्त उपयोगी, आणि शिकवताना ती खूप आधी यायला हवी. वस्तूचं नाव आधी घ्यायचं, मग सर्वनामासकट वाक्य: ‘इल काफ्फे कोमे लो प्रेन्दी?’ (कॉफी, ती कशी घेतेस?), ‘इल कोन्तो लो पागो इयो’ (बिल, ते मी देते). नाव नुकतंच उच्चारलेलं असल्याने लिंग-वचन आठवायला क्षणभर उसंत मिळते, आणि बोलणं पुस्तकी वाटत नाही.