इन्फिएर्नोला जाताना कोणी काही विचारत नाही (माझा अनुभव)

पेरू देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, तांबोपाता नदीच्या काठी इन्फिएर्नो नावाचं गाव आहे. स्पॅनिशमध्ये इन्फिएर्नो म्हणजे नरक. तिथल्या एसे एखा आदिवासींच्या आणि त्यांच्यासोबत वसलेल्या इतर कुटुंबांच्या जमिनीला 1976 मध्ये सामूहिक हक्काचा कागद मिळाला. त्याच जंगलात पोसादा आमाझोनास हे गावाचं लॉज आहे. तिथे तीन रात्री राहून आलो. व्हिसा, विमान, लॉजचं बुकिंग, काहीच अडलं नाही. अडलं ते अर्ध्या मिलिलिटरच्या इंजेक्शनात, आणि तेही इथे, महाराष्ट्रात.

सगळे म्हणतात, ‘जंगलात जाताय, पीतज्वराची (यलो फिव्हरची) लस घ्या.’ सल्ला बरोबरच आहे, ॲमेझॉनच्या खोऱ्यात हा रोग आहे. पण लिमाला कोणी लस घेतल्याचं कार्ड मागितलं नाही, इन्फिएर्नोजवळच्या पुएर्तो मालदोनादो शहराच्या विमानतळावर नाही, लॉजवर तर नाहीच. मागितलं ते मुंबईत उतरल्यावर. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे गल्लोगल्ली आहे (डेंग्यूचा तोच), पण रोग अजून आलेला नाही. म्हणून पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर, ब्राझील अशा देशांतून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे कार्ड नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. कार्ड परतीसाठी लागतं हे डोक्यात पक्कं बसवा आणि तारखा परतीच्या दिवसापासून मागे मोजा.

लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ‘लागू’ होतं. नवव्या दिवशी मुंबईत उतरलात तर लस घेतलेली असूनही कार्ड कच्चंच. पण फक्त परतीचा हिशोब धरून निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घ्याल, तर तुम्ही जंगलात असताना लशीचा अंमल पुरता बसलेला नसेल. निघण्याआधी किमान महिनाभर तरी या कामाला लागा. महिना का, ते आता सांगतो.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या मोजक्या केंद्रांतच मिळते, ठरलेल्या वारी आणि आधी नंबर लावून. आमच्या केंद्रात नंबर लागलेला, छापील कागद हातात, सकाळी साडेआठला दारात हजर. खिडकीतून उत्तर आलं, ‘आज माणसं कमी आहेत, पुढच्या आठवड्यात बघा.’ तेव्हा मी जाम वैतागलो. पण कारण खरं आहे, आणि ते आधी माहीत असतं तर चक्कर वाचली असती. लस कोरड्या पावडरीच्या रूपात येते, एका कुपीत पाच किंवा दहा डोस. सोबतचं द्रावण घालून कुपी एकदा कालवली की सहा तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. लशीचा तुटवडा अधूनमधून असतोच. चार माणसांसाठी दहाची कुपी कोण फोडणार? म्हणून नंबर लागला तरी आदल्या दिवशी फोन करा आणि सरळ विचारा, ‘उद्या कुपी फुटणार आहे का?’ ‘केंद्र चालू आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो’ येईल, आणि त्या ‘हो’ला काही अर्थ नसतो.

जाताना मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्सवर काम होत नाही. कार्डावर पासपोर्टचा नंबर लिहितात. पुढे पासपोर्ट बदलला तर कार्ड वाया जात नाही, पण जुना पासपोर्ट जवळ ठेवावा म्हणजे नंबर जुळवून दाखवता येतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गरोदरपण, अंगावर पाजणं, यातलं काहीही असेल तर खिडकीवर नाही, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच. ही जिवंत लस आहे आणि पहिल्यांदाच घेणाऱ्या वयस्कांत क्वचित का होईना, गंभीर त्रास होतो. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर त्यांचं कारणांसह इंग्रजीत पत्र घ्या, पण ते मानायचं की नाही हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. तान्ह्या बाळांचं त्रांगडं वेगळंच. नऊ महिन्यांच्या आत लस देत नाहीत. त्याहून लहान बाळाला घेऊन तिकडे जाऊच नका.

गोवर-गालगुंडाची किंवा कांजिण्यांची लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्या, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवतात, ते टाळू नका. नंतर पाच-सहा दिवसांनी एखाद-दोन दिवस कणकण येऊ शकते. आणि महिनाभर रक्तदान नाही.

आता कार्ड. खरी आग इथे आहे. दुसऱ्या खेपेला लस मिळाली, कार्ड मिळालं, आनंदात घरी आलो. रात्री उजेडात धरून पाहिलं तर बॅच नंबरातला एक आकडा गिरवून दुरुस्त केलेला. याने काय होतंय, असं वाटेल. कार्डाचा नियमच आहे की खाडाखोड, बदल किंवा एखादा रकाना रिकामा असेल तर कार्ड अवैध धरलं जाऊ शकतं. म्हणून तिसरी चक्कर. पुन्हा रांग, पुन्हा ‘बसा, बोलावतो’, आणि दोन तासांनी नवीन कार्ड अडीच मिनिटांत लिहून मिळालं! चूक त्यांची, हेलपाटा माझा. तुम्ही खिडकी सोडण्यापूर्वी उभ्या उभ्या एवढं वाचा: नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट नंबर, लशीची तारीख, कंपनी आणि बॅच, डॉक्टरची हाताने केलेली सही, केंद्राचा गोल शिक्का. शिक्का आहे म्हणून सही नको, असं चालत नाही. तुमची स्वतःची सहीसुद्धा लागते आणि ती जागा हमखास रिकामी राहते. मुलाचं कार्ड वेगळं, त्यावर सही आईने किंवा वडिलांनी करायची.

मुदतीच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. 11 जुलै 2016 पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुनी दहा वर्षांची कार्डंसुद्धा. तरी कुणी सवयीने दहा वर्षांनंतरची तारीख लिहिलीच तर तिथल्या तिथे बदलून मागा. कार्ड लॅमिनेट करू नका, पासपोर्टच्या कव्हरात ठेवा. फोटो मोबाइलमध्ये असावा, पण तो कार्डाची जागा घेत नाही. लस घेतली नाही, पण परतताना युरोपात वा अमेरिकेत सहा दिवसांहून जास्त मुक्काम आहे, असं असेल तर मुंबईत हा प्रश्न येत नाही. कार्डाची कटकट वाचते, पण जंगलातला धोका तसाच राहतो.

जंगलाचा भाग त्या मानाने सोपा. कुस्कोहून पुएर्तो मालदोनादोचं विमान तासाभरात उतरतं. कुस्को 3,400 मीटर उंचीवर, पुएर्तो मालदोनादो जेमतेम दोनशेवर, दार उघडताच गरम दमट हवा तोंडावर येते. शहरातल्या ऑफिसात मोठी बॅग ठेवून तीन दिवसांचं सामान छोट्या पिशवीत भरून न्यायचं. मोठी बॅग सोबत न्यायचा आग्रह धरू नका, होडीत जागा मोजकी असते आणि धक्क्यावर मातीच्या पायऱ्या चढायच्या असतात. गाडीने सुमारे 20 किलोमीटरवर इन्फिएर्नोचं बंदर, तिथून मोटरच्या लांबुळक्या होडीने नदीच्या वरच्या अंगाला, मग जंगलातून दहा-पंधरा मिनिटं चालत. पासपोर्ट वरच्या कप्प्यात असू द्या.

लॉज गावाचं, हे फक्त पाटीवर लिहिलेलं नाही. 1996 मध्ये गावाने एका पर्यटन कंपनीशी 20 वर्षांचा करार केला. त्यात ठरलं होतं: नफ्यातले 60 टक्के गावाला, 40 कंपनीला, निर्णयात दोघांचा सारखा वाटा. लॉज 1998 मध्ये सुरू झालं. होडीवाला, स्वयंपाकी, वाटाडे यांतले बरेच गावातले. झाडावरचं माकड वाटाड्याला आपल्याआधी दिसतं, यात नवल नाही. पण तो ज्या वेलीच्या सालीने पोट बरं होतं ती न शोधता चालता चालता दाखवतो, तेव्हा फरक कळतो.

खोलीला तीनच भिंती, चौथी बाजू सरळ जंगलात उघडी. पहिल्या रात्री झोप लागत नाही, कारण आवाज थांबतच नाहीत. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. एक कोपरा जरी सुटला तरी पहाटेपर्यंत त्याची वसुली होते. खाण्याचं काहीही खोलीत ठेवू नका, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. त्याच्या मागे मुंग्या येतात, मुंग्यांमागून बाकीचे. चार्जिंग ठरावीक तासांतच होतं, तेव्हा पॉवर बँक आणि डोक्याला बांधायची बॅटरी हवी. रबरी गमबूट लॉज देतं. सकाळी पाय घालण्याआधी ते उलटे करून झटका. मोजे मात्र आपले, गुडघ्यापर्यंतचे, रोज एक जोडी आणि एक जास्तीची, कारण धुतलेलं तिथे वाळत नाही. एकदा भिजलेली जीन्स परतेपर्यंत ओलीच राहते, म्हणून पातळ नायलॉनची पँट घ्या.

पायवाटेवर तोल गेला तरी झाडाला हात लावायचा नाही, हे सगळ्यात कठीण. आपला हात आपोआप आधार शोधतो. बुंध्यांवर इसुला नावाची मोठी काळी मुंगी फिरते आणि तिच्या डंखाची कळ चोवीस तासांपर्यंत टिकते. तुम्हाला दिसण्याआधी ती वाटाड्याला दिसते, तेव्हा ‘थांब’ म्हणाला की पाय उचललेला असेल तर उचललेलाच ठेवा.

शाकाहाऱ्यांसाठी: ‘सीन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’, पण तिकडे कार्ने म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गाईगुरांचं किंवा डुकराचं मांस येतं. कोंबडी वाढून वर ‘हे कार्ने नाही’ असंही प्रेमाने सांगतात. म्हणून ‘नी पोयो, नी पेस्कादो, नी काल्दो’ असं म्हणा. कोंबडी नको, मासे नकोत, रस्साही नको. रस्सा मुद्दाम सांगावाच लागतो, कारण भात आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजतात. बुकिंगच्या वेळी लिहून कळवलंत तर भात, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, तळलेली केळी आणि युका (ही आपल्या साबुदाण्याचीच मुळी) व्यवस्थित मिळतं. लोणच्याची छोटी बाटली नेलीत तर कोणी हसणार नाही.

पहाटे चारला उठवतात, साडेचारला निघायचं. रोज. कंटाळा केला तर पैसे वाया, कारण नऊनंतर उन्हात जंगल गप्प होतं. एक सकाळ त्रेस चिंबादास या तळ्याची असते. नदी वळण सोडून गेली आणि मागे उरलेल्या वळणात पाणी साचलं, त्याचं हे तळं. होडी, मग अर्धा-पाऊण तास चालणं, मग लाकडी तराफा. वाटाडा मागे उभा राहून एकाच वल्ह्याने तो हाकतो. मोटरला बंदी, कारण इथे महाकाय पाणमांजरांचं एक कुटुंब राहतं. ती पावणेदोन मीटरपर्यंत वाढतात आणि माशाचं डोकं आधी खातात, कडाकडा आवाज करत. दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी) पुरे, त्याहून जास्त पटीची तराफ्यावर हलते.

उंच मचाणावर तीस मीटरहून वर चढायचं असतं. चढण जिन्यासारखी असली तरी पायऱ्या धुक्याने निसरड्या होतात. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी आधीच सांगावं, वाटाडा दुसरी पायवाट दाखवतो. पोपट माती खायला ज्या कड्यावर येतात तिथे पाऊस असेल तर एकही येत नाही. मातीतलं मीठ, म्हणजे सोडियम, त्यांना हवं असतं, पण भिजायला त्यांनाही आवडत नाही. म्हणून मे ते ऑक्टोबर हा काळ बरा. त्यातही जून ते ऑगस्टमध्ये मधूनच दक्षिणेकडून थंड वारं येतं, त्याला फ्रिआखे म्हणतात, आणि पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. गरम जंगलात स्वेटर कशाला, असं मलाही वाटलं होतं. एक स्वेटर न्याच.

पावसाळ्यात, जानेवारी ते मार्चमध्ये, ब्राझील नटची फळं खाली पडतात. नारळाएवढं, दगडासारखं कठीण, एक-दोन किलोचं फळ तीस-चाळीस मीटरवरून येतं. वारा असेल तेव्हा त्या झाडाखाली थांबायचं नाही, गोळा करायला जाणारे गावकरीही थांबत नाहीत.

डॉलर घेऊन जात असाल तर नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. टाचणीच्या भोकाची, कोपरा फाटलेली नोट पेरूमध्ये कोणी घेत नाही. बक्षिसीसाठी सोलच्या (पेरूच्या चलनाच्या) छोट्या नोटा शहरातच सुट्या करून ठेवा, लॉजवर सुटे मिळत नाहीत.

मुंबईत उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेच्या आधी आरोग्य तपासणीचं टेबल असतं. अधिकाऱ्याने कार्ड घेतलं, नाव जुळवलं, तारीख पाहिली, आणि बॅच नंबरावर बोट ठेवून क्षणभर थांबला. मग शिक्का बघून परत दिलं. गिरवलेलं पहिलं कार्ड मी तेव्हाच फाडून टाकलं होतं, ते खिशात असतं तर त्याच्यासमोर फाडलं असतं.