बिहार, मु. पो. वाई

वाईच्या माणसाला हिंदी सिनेमा धड बघता येत नाही. पडद्यावर नायक बापाच्या चितेसमोर शपथ घेत असतो आणि हा शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत असतो, 'मेणवलीचा घाट आहे हा. उजवीकडं अजून थोडा कॅमेरा फिरवला असता तर घंटा दिसली असती.' मेणवली हे वाईजवळचं गाव, आणि ती घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीजांची. नायकाला तिच्याशी काही देणंघेणं नाही. वाईकराला मात्र घंटा दिसली नाही याची रुखरुख मध्यंतरापर्यंत पुरते.

इलाज नाही. 'गंगाजल'मधलं बिहार आमच्याकडचं. 'स्वदेस'मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर आमच्याकडचं. 'ओंकारा'चा काही भाग आणि 'दबंग'चं लालगंजही इथलंच. 'चेन्नई एक्सप्रेस'च्या वेळी तर आम्ही तमिळनाडूही होऊन पाहिलं, आणि वाईला रेल्वे येत नाही हे कुणी मनावर घेतलं नाही. वाईला दक्षिण काशी म्हणतात, ते सिनेमावाल्यांनी फारच मनावर घेतलं. खरी काशी मुंबईहून लांब. तिथं गर्दी आवरता आवरत नाही. इथं सकाळी निघालेलं युनिट दुपारच्या जेवणाला पोचतं. नदी आहे, दगडी पायऱ्या आहेत, जुने वाडे, ऊस आणि हळदीची शेतं आहेत. संध्याकाळी पसरणीचा घाट चढला की पाचगणीची हॉटेलं. निर्मात्याला आणखी काय हवं?

अडचण फक्त दगडाची. काशीचे घाट चुनारच्या वालुकाश्माचे, फिकट, पिवळसर. आमचे काळ्या बेसॉल्टचे. पाऊस पडून गेला की ते असे चकाकतात की तुम्ही वर कितीही झेंडूच्या माळा सोडा आणि कितीही साधू बसवा, सह्याद्रीचा कातळ लपत नाही. दुसरी अडचण डोंगराची. गंगेच्या मैदानात मैलोन् मैल जमीन सपाट. इथं जमीन सोडून डोंगरांचे माथे सपाट. त्यामुळे कॅमेरामन बिचारा आभाळाकडं बघत नाही, क्षितिजाकडं बघतो, आणि तरी कुठल्यातरी मारामारीच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, एखादा सपाट माथ्याचा डोंगर घुसतोच. गुंडांचं काय व्हायचं ते होवो, आमच्या रांगेत शिट्टी त्या डोंगराला पडते.

पुण्याला शिकायला होतो तेव्हा खोलीत एक बिहारचा मुलगा होता. त्याच्याबरोबर 'गंगाजल' पाहिला. मला वाटलं, हा हसणार. काळे दगड, डोंगर, बाजारातली घरांची ठेवण, सगळंच आमचं. तो पुढं सरकून, डोळे बारीक करून बघत बसला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, अगदी आमच्या गावासारखं आहे. मी दगडाचा मुद्दा काढला. त्यानं दगड पाहिलाच नव्हता. त्यानं ऐकलं होतं. हवालदार साहेबाशी बोलताना वाक्याच्या शेवटी जो सूर खाली सोडतो तो, आणि खांद्यावरचा गमछा बोलता बोलता झटकायची पद्धत. त्याच्या गावापुरतं तेवढं पुष्कळ झालं. सिनेमातलं गाव निम्मं कानानं बांधतात, हे मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच परीक्षणांत 'छायाचित्रण नयनरम्य' एवढं लिहून गाव उरकतात, तेव्हा मला तो मुलगा आठवतो. आणि उलटही खरं आहे: मराठी सिनेमात साताऱ्याचा पाटील पुण्याच्या सदाशिव पेठेतलं 'ण' बोलायला लागला, की वाडा कितीही खरा असो, मला तो पुठ्ठ्याचा दिसतो.

आमची आत्या याहून कडक. तिनं घाटावर पुष्कळ शूटिंगं पाहिली. तिची समीक्षा घागरीपासून सुरू होते. पाणी भरणाऱ्या बायकांची रांग पडद्यावर आली की ती एकच गोष्ट बघते. 'रिकाम्या आहेत,' म्हणते. 'भरल्या घागरीनं मान अशी डुलत न्हाई. आणि पाऊल बघ की, उड्या मारत चालल्यात.' तिच्या या एका कसोटीवर किती गाजलेली गाणी कोसळली त्याला गणती नाही. चुलीवर भाकरी थापणारी नायिका आली तर ती परातीकडं बघते. पीठ मळलेलंच नसतं म्हणे, नुसतं हात फिरवणं असतं.

ही कसोटी पार करणारा सिनेमा तिला सापडला तो 'संत तुकाराम'. १९३६ चा, प्रभातचा. दामले-फत्तेलालांचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली, आणि त्याच्यावर लिहिणारे बहुतेक सगळे विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरच्या भक्तीबद्दल लिहितात. योग्यच आहे. पागनीस अभंग म्हणतात तेव्हा ते गात नाहीत, आत कुठंतरी उतरत जातात. पण आत्या पागनिसांना बघतच नव्हती. ती जिजाईला बघत होती. 'ही बाई घरकाम केलेली हाय,' म्हणाली. मला हसू आलं नाही, कारण ते खरं आहे. जिजाईचं काम करणाऱ्या गौरी या प्रभातमध्ये आधी साध्या कामगार म्हणून आल्या होत्या. त्या म्हशीला हाकतात, पोरांना दटावतात, विठोबावर चिडतात, आणि हे सगळं करताना हात थांबत नाही. नवरा वैकुंठाच्या गोष्टी करतोय आणि हिला संध्याकाळच्या भाकरीची चिंता आहे. दिग्दर्शकांची कमाल अशी की त्यांनी तिला हास्यास्पद होऊ दिलं नाही. भक्तिपटात इतकी जड, जमिनीला धरून असलेली बाई उभी केली म्हणून तर शेवटचं आकाशातलं विमान पचतं. नुसते चमत्कार असते तर ते ट्रिक फोटोग्राफीचं प्रदर्शन झालं असतं.

गंमत म्हणजे ते देहू खरं देहू नव्हेच. पुण्याला प्रभातच्या आवारात उभं केलेलं. म्हणजे वाईत बिहार उभारतात त्याची आम्ही जी चेष्टा करतो, तिला मराठी सिनेमातही मोठी परंपरा आहे.

उलट खऱ्या जागेवर गेलं की जागा आपलं ऐकते असंही नाही. सत्यजित राय 'पथेर पांचाली'तला काशफुलांचा प्रसंग करत होते, तेव्हा अर्धं चित्रीकरण झालं, आठवड्यानं परत आले तर गुरांनी सगळी फुलं खाल्लेली. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. भारतीय सिनेमातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रसंगांपैकी तो एक. त्याची तारीख गाईगुरांनी ठरवली. हे मी आत्याला सांगितलं तर तिनं फक्त 'राखण ठेवायला नको?' एवढंच विचारलं.

आता पुरस्कारांकडं येतो, कारण आमच्याकडं जानेवारी उजाडला की चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात पैजा लागतात. पैज चहाची असते, पण चेहरे लाखाची असल्यासारखे. भाऊ या बाबतीत शास्त्रशुद्ध आहे. ऑस्करसाठी तो स्वतःची आवड बाजूला ठेवतो. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांची संघटना कुणाला निवडते ते बघतो, कारण पुढं ऑस्करला दिग्दर्शनाचं बक्षीस बहुतेक वेळा त्यालाच जातं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मात्र वेगळं. तिथं २००९ पासून मतदार चित्रपटांना पसंतीक्रम देतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर शेवटचा बाद होतो आणि त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडं वळतात. असं करत करत एक उरतो. भाऊ म्हणतो, हे कारखान्याच्या निवडणुकीसारखं आहे: ज्याच्यासाठी कुणी जीव टाकत नाही पण ज्याच्यावर कुणाचा रागही नाही, तो चेअरमन. या एका सूत्रावर त्यानं बऱ्याच जणांचा चहा प्यायला आहे.

फिल्मफेअरला ते सूत्र चालत नाही. तिथं पूर्वी 'शोले'ची जी गत झाली ती ऐकून नवख्या पैजवाल्यानं कानाला खडा लावावा. नऊ नामांकनं, आणि हातात एकच बाहुली, संकलनाची, एम. एस. शिंद्यांना. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट 'दीवार'. मग २००५ मध्ये, पन्नासाव्या सोहळ्याला, त्याच फिल्मफेअरनं 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हटलं. तीस वर्षांनी पैज फिरली. तोवर चहा पाजणारे कुठं राहिले?

तीच रात्र आमच्यासाठी दुखरी आहे. 'स्वदेस' शर्यतीत होता. शाहरुखला अभिनयाचं मिळालं, ते ठीक. पण सर्वोत्कृष्ट चित्रपट 'वीर-ज़ारा'. वाईतल्या दुकानात त्या रात्री जे बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर राष्ट्रीय पुरस्कारांत छायाचित्रणाचं बक्षीस महेश अणे यांना 'स्वदेस'साठी मिळालं आणि जरा थंडावा आला. ते बक्षीस आम्ही निम्मं आमचंच धरतो. प्रकाश कुणाचा? कृष्णेवरचा. पायऱ्या कुणाच्या?

माझं म्हणणं त्यावरून एवढंच आहे की पुरस्कार नेहमी फ्रेमच्या मधोमध बघतात. नायक, नायिका, रडण्याचा प्रसंग. म्हणून तर अंदाज बांधता येतात. कोपऱ्यात काय आहे, घागर भरलेली आहे का, हवालदार कसा बोलतो, डोंगर कुठला, याचं बक्षीस नाही. आणि सिनेमा पुन्हा बघावासा वाटतो तो बहुधा त्या कोपऱ्यांसाठी. 'संत तुकाराम' मी आता लावतो तो जिजाईच्या हातांसाठी. निदान ऑस्करवाले थोडे सरकलेत. भूमिकांसाठी माणसं निवडणाऱ्यांना त्यांनी आता स्वतंत्र विभाग दिला, आणि २०२७ सालच्या चित्रपटांपासून स्टंटलाही देणार आहेत. मग जागेनं काय घोडं मारलंय?

हे मी दुकानात बोललो आणि फसलो, कारण भावानं लगेच मुद्द्याला हात घातला. 'समज, जागेला बक्षीस दिलं. स्टेजवर जायचं कुणी?'

'नगराध्यक्षांनी,' कुणीतरी म्हणालं.

'का म्हणून? वाड्याचे मालक हायेत की.'

आत्या झेरॉक्स काढायला आली होती, तिनं घागरी उचलणाऱ्या बायांची बाजू लावून धरली. मग मागं मोटरसायकलला टेकून उभा असलेला एक जण इतका वेळ गप्प होता तो पुढं आला. मेणवलीचा होता. म्हणाला, 'घाट मेणवलीत हाय. सरपंच आमचा जाईल. वाईचा संबंध काय?'

त्यावर दुकानात जो आवाज झाला, त्यात आत्याचं झेरॉक्स दोनदा उलटं निघालं.