रोज २० मिनिटं बोरू

घर लहान असलं की छंद मांडामांडीपाशीच अडतो. म्हणून सुलेखनाचा रोजचा सराव धरला तेव्हा सगळ्यात आधी मी ट्रे लावला. त्यात बोरू (नळाच्या काडीची लेखणी), बुटकी दौत, सुती चिंधी आणि आखून ठेवलेला कागद. रात्री भांडी आवरली की ट्रे फ्रिजवर जातो. सकाळी पाणी येऊन पिंप भरलं की तो खाली येतो आणि जेवणाच्या टेबलावर २० मिनिटं बसायचं. त्याहून जास्त नाही. मन रमलेलं असतानाच उठलं की दुसऱ्या दिवशी स्वतःला ढकलून बसवावं लागत नाही.

बोरू विकत मिळतो, पण कापायला शिकलेलं बरं. देवनागरीचा काप रोमनच्या उलट बाजूला तिरका असतो. इंग्रजी सुलेखनाच्या निबाने नेहमीच्या पकडीत ‘क’ काढला तर जाड हवं तिथे बारीक येतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपला हातच वाईट. देवनळाची करंगळीएवढी जाड, साधारण १५ सेंमीची काडी रात्रभर पाण्यात ठेवायची, म्हणजे कापताना ती सहसा चिरत नाही. टोकाशी २ सेंमीचा उतरता काप घ्यायचा, आतला मऊ गाभा खरवडायचा, दोन्ही बाजू तासून टोक ४ मिमी रुंद ठेवायचं. मग ते कठीण लाकडावर ठेवून कटरने एकाच दाबात तिरकं तोडायचं. दोनदा कापलं की कड भुसभुशीत होते. शाई उतरावी म्हणून मधोमध १ सेंमीची चीर द्यायची. चीर पुढे पळायला लागली तर तिच्या टोकाशी तापल्या सुईने भोक पाडायचं, तिथे ती थांबते. शेवटी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर एक-दोन हलके हात.

बारीक बोरू चुका झाकतो, म्हणून ४ मिमी. अक्षराची उंची बोरूच्या जाडीत मोजायची. मी पाच जाड्या, म्हणजे २० मिमी धरते. वरच्या मात्रांना १०, खालच्या उकारांना ८, थोडी मोकळीक; दोन शिरोरेषांमध्ये ४० मिमी. ए-फोर कागदावर समास सोडून सहा ओळी बसतात आणि २० मिनिटांना तेवढ्या पुरतात. कागद साधा ७५ जीएसएमचा. मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर तो रीमने घ्यावा. भारी कागद घेतला की हात त्याला घाबरतो.

पहिले काही आठवडे अक्षर नाहीच. उभा काना, आडवी शिरोरेषा, दोन तिरक्या रेघा, अर्धगोल. कंटाळा येतो, येऊ द्यावा. मग एका घडणीची अक्षरं एकत्र घ्यायची: व, ब, क; मग प, ष, फ; मग ट, ठ, ढ, द. वर्णमालेच्या क्रमाने गेलं तर हात रोज नवा आकार शिकतो आणि कालचा विसरतो. ‘ल’ आणि ‘श’ दोन तऱ्हांनी लिहितात, त्यांची वळणं आधीच ठरवून टाकावीत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, मी तेच गिरवते.

बिघाडही ठरलेलेच असतात. रेघेची एकच कड खरखरीत आली तर टोक पूर्ण टेकलेलं नाही, एका कोपऱ्यावर भार पडतोय. सुरुवातीलाच थेंब साचला तर शाई जास्त झाली. आधी रद्दीवर एक रेघ मारून घ्यावी. शिरोरेषा उतरत गेली तर मनगट फिरतंय, ती कोपरापासून ओढायची असते. ‘व’च्या गोलाईत सगळीकडे सारखीच जाडी आली तर बोटांत बोरू वळला. हे सगळ्यात चिवट. अंगठा दुखला तर पकड घट्ट आहे, दुसरं काही नाही.

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कागदात शिरते आणि शाई फुटते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, शाईत पाणी कमी घालावं. काजळी आणि डिंकाची घरची शाई असेल तर तिला बुरशी येते. लवंगतेलाचा एक थेंब पुरतो. दौतीत रेशमी धाग्याचा गुंता ठेवला तर बोरू बेताचीच शाई उचलतो.

मिळालं काय, तर अक्षर सुधारलं हे त्यातलं लहान. शाईने बोटं काळी असताना फोन उचलता येत नाही, हा फायदा मी मोठा मानते. लांब रेघ ओढताना श्वास आपोआप संथ सुटतो, आणि लोकलच्या धावपळीआधीची ती संथपणाची शिदोरी दादरपर्यंत तरी पुरते. शाई खोडता येत नाही. वाकडा काना बाजूला सोडून पुढचा सरळ काढायचा, ही सवय कामाच्या ठिकाणीही उतरली. चुकलेल्या ई-मेलवर मी आता तासभर जळत नाही. डोळेही बदलले. गिरगावातल्या जुन्या पाट्यांमध्ये ब्रशने रंगवलेली कुठली आणि संगणकावरून कापून चिकटवलेली कुठली, हे चालता चालता कळतं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या छपाईच्या अक्षरखिळ्यांमधलं जाड-बारीक मुळात बोरूच्या कापातून आलेलं आहे, हे पुस्तकात वाचून समजतं, पण हाताला ते वेगळं कळतं.

रोजचं पान समाजमाध्यमावर टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. टाकायला लागलं की माणूस सोपे, देखणे शब्द निवडतो आणि ‘ढ’ वर्षभर तसाच राहतो. पानामागे तारीख घालून फाइलला लावावं, महिन्याचं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवावं, मधली रद्दीत.

गावी गेलं, आजारपण आलं की खंड पडतोच. परत बसताना सोडलं तिथून सुरू करू नये. एक दिवस नुसते काने, दुसऱ्या दिवशी शिरोरेषा, मग ‘व’. वाळलेला बोरू आधी पाण्यात टाकावा, टोक नव्याने कापावं. जुन्या टोकावर सुकलेली शाई चिरेत अडकलेली असते आणि पहिल्याच रेघेला दगा देते.