पंख्याखालचा आखाडा : महिना सहावा

घरच्या हॉलमध्येच व्यायाम करते, त्याचा हा सहावा महिना. आधी हिशेब. पुलअप ३ वरून ५ वर आले. पाचव्यात हनुवटी बारच्या वर जाते की नाही, यावर घरात एकमत नाही. बैठका सलग ६०. १२ किलोची केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) हलकी वाटायला लागली, म्हणून १६ ची आणली. आणि हॉलमधला पंखा वाकवला.

पंख्याचंच सांगते. हॉल १० बाय १३. टीपॉय स्वयंपाकघरात ढकलला की सोफा आणि दिवाण यांच्यामध्ये साडेसहा बाय साडेचार फुटांची पट्टी उरते. सुरुवातीला टेप घेऊन हीच पट्टी मी तीनतीनदा मोजली होती. वर मात्र बघितलं नाही. छत ९ फुटांवर, पंख्याची पाती ८ वर. मी ५ फूट ३ इंच, डंबेल डोक्यावर नेला तरी काही अडत नाही, म्हणून गाफील राहिले. मग माहेरून बाबांची मुद्गलाची जोडी आणली. चार-चार किलोचे, अडीच फूट लांब. मुद्गल खांद्यावरून पाठीमागे जाताना एक क्षण टोक सरळ आढ्याकडे असतं, आणि हात दमला की नेमका तेव्हाच तो वर उचलला जातो. नवव्या फेरीला खट्ट! पंखा दोनवर चालू होता. सासूबाई दिवाणावर मेथी निवडत होत्या. "अगं, वर बघ की जरा!" एवढंच म्हणाल्या आणि मेथी उचलून आत गेल्या. नवऱ्याने पातं हाताने सरळ केलं, पण पंखा अजून डुगडुगतो.

आता मुद्गल गुडघ्यांवर बसून फिरवते. नाइलाजाने सुरू केलं, पण करून बघाच. उभं असताना पाय आणि कंबर गुपचूप मदत करतात. गुडघ्यांवर ती सोय नाही. पहिल्या दिवशी तेच चार किलो सहाचे वाटले. गुडघ्यांखाली जुनी गोधडी घ्या.

पुलअप बारचं प्रकरण मोठं आहे. दाराच्या चौकटीवर अडकवायचा जो बार मिळतो, त्याला चौकटीच्या वर बाहेर आलेली पट्टी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या इमारतींत चौकट प्लास्टरला सपाट भिडलेली असते, तो अडकणार कशाला? परत केला. दुसरा, चौकटीत पिळून ताठ बसवायचा. ऑइलपेंटवरून एक दिवस माझ्यासकट हळूहळू खाली घसरला. तिसऱ्याला मधल्या चार इंची भिंतीत भोकं पाडली, तर आतून विटेची भुकटी आली आणि फास्टनर (भिंतीत घट्ट बसणारा बोल्ट) नुसता गरगर फिरत राहिला. शेवटी पॅसेजवरचा बीम सापडला. तो काँक्रीटचा. हॅमर ड्रिल भाड्याने आणलं, १० मिमीचे चार अँकर फास्टनर ठोकले. एका ठिकाणी ड्रिल सळईला लागलं, तिथे जोर न लावता दोन इंच सरकून नवं भोक घेतलं. सळई कापायची नसते. पहिली चाचणी नवऱ्याने लोंबकळून दिली. तो ८२ किलो आहे, माझं काही बोलणंच नाही.

सासऱ्यांना वेगळीच काळजी : "एवढं लोखंड, स्लॅब बसेल." त्यांना सांगितलं, आयएस ८७५ (इमारतीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक) प्रमाणे घरातल्या खोलीची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात. माझं सगळं सामान मिळून ५६ किलो, भरलेल्या लोखंडी कपाटापेक्षा कमी. पण ठेवलेलं वजन वेगळं आणि आपटलेलं वेगळं. म्हणून १५ मिमी रबरी मॅट घेतली (वास जाईपर्यंत दोन आठवडे गच्चीत होती), तरीही वजन सोडून द्यायचं नाही, टेकवायचं. खालच्या काकूंची तक्रार एकदाच आली, तीही मॅट येण्याआधीची.

आता वहीतला सगळ्यात बोलका आकडा. तिसऱ्या महिन्यात व्यायाम फक्त ९ दिवस, चौथ्यात १९. वेळापत्रक तेच, मीही तीच. तिसऱ्या महिन्यात सामान दिवाणाच्या पोटात होतं. गादी उचला, फळी काढा, चादरींचा ढीग बाजूला करा, तोवर कुकरची वेळ होते. चौथ्यात केटलबेल चपलांच्या रॅकशेजारी उघड्यावर आणली. घर नीटनेटकं दिसायला हवं हे मान्य, पण हा हट्ट मी सोडणार नाही.

उघड्यावर ठेवल्याचा तोटा पावसाळ्यात कळला : मुठीवर गंज. खोबरेल लावलं तर मूठ चिकट झाली आणि धूळ बसली. शिलाई मशीनचं तेल फडक्याला दोन थेंब, मग कोरडं पुसणं, हे जमलं.

पुढच्या महिन्यात बारला लाकडी रिंगा टांगायच्या आहेत. पॅसेज तीन फुटी, कोपरं भिंतीला घासतील असं वाटतंय. इतक्या अरुंद जागेत कोणी रिंगा वापरत असेल तर पट्टे किती अंतरावर बांधता ते सांगा.

आणि जुनी १२ ची केटलबेल विकणार का, असं दोघातिघांनी विचारलंय. नाही. दुपारी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून सासूबाई ती पायाने सरकवून दाराला लावतात.