मागची खुर्ची

नॅट म्हणजे चिलट. आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे या नावासरशी एकाच खुर्चीचं विमान येतं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजीत सिंग सेखों लढले, ते त्यातच. हवाई दलातलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

मुलानं आणलेल्या एअरफिक्स कंपनीच्या प्लास्टिक मॉडेलच्या १/७२ किटात (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं) मात्र निघालं दोन खुर्च्यांचं इंग्लिश प्रशिक्षण विमान, ब्रिटिश हवाई दलाचे कसरतपटू रेड अ‍ॅरोजवाले उडवायचे ते. पुढे शिकाऊ, मागे मास्तर. आपल्या हवाई दलानं ते कधी घेतलंच नाही. तेव्हा ठरवलं, कापायचं. चौतीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेल्या माणसानं मास्तरचीच खुर्ची काढायची!

वाटलं, मधला तुकडा काढला की झालं. पण प्रशिक्षण विमान ९.६८ मीटर लांब, लढाऊ ८.७४. बहात्तरानं भागलं की फरक उरतो तेरा मिलिमीटर. पंखही थोरले. दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर टोकं छाटून भागत नाही, रुंदीही घटवावी लागते. त्यात लढाऊ नॅटचे एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करणाऱ्या पंखांच्या हलत्या पट्ट्या, आतल्या बाजूला; उतरताना त्याच खाली झुकून फ्लॅपचं, म्हणजे कमी वेगातही विमान तोलून धरायचं, काम करणार. प्रशिक्षणवाल्याचे फ्लॅप वेगळे, एलेरॉन बाहेर. म्हणजे जुन्या रेघा पुट्टीनं बुजवायच्या, नव्या सुईनं ओढायच्या. दोन रविवार नुसता पॉलिश पेपर घासला. शेपटीचं नावही काढू नका.

शेजारचे दादा उद्यमनगरात पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारे, होते. एके संध्याकाळी येऊन बघत उभे राहिले.

"मास्तर, आमी ओतीव लोखंड आकसतंय म्हणून पॅटर्न मीटरला धा मिलिमीटर मोठा करतो. तुमी आयतं मोठं घिऊन बारीक कराय लागलाय व्हय?"

हसले, पण दुसऱ्या दिवशी कॅनॉपीसाठी, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणासाठी, सागवानाचा बोटभर साचा कानशीनं घासून घेऊन आले. मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण गॅसवर मऊ करून त्यावर ओढलं. तिसरी कॅनॉपी जमली. पहिल्या दोन पापडासारख्या झाल्या.

विमान आता शोकेसमध्ये आहे. जाणकार बघेल तर नाक जरा लांबच म्हणेल. कापलेली खुर्ची मात्र टाकवली नाही, चष्म्याच्या डबीत ठेवली. परवा बायकोनं डबी उघडली आणि विचारलं, "अहो, हा दात कुणाचा?"